ओके कोणी दाबलं?

मोबाइल खिशात ठेवा, माना वर करा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्या हॉलमधला भिंतीवरचा टीव्ही पहिल्यांदा सुरू झाला, तेव्हा पडद्यावर एक लांबलचक इंग्रजी मजकूर आला होता. खाली एक बटण होतं, ‘मान्य आहे’ अशा अर्थाचं. ते कोणी दाबलं?

आठवत नाही ना? मी सांगते. टीव्ही बसवायला आलेल्या पोराने. त्याने भिंतीला भोकं पाडली, स्टँड आवळला, टीव्ही टांगला. वाय-फायचा पासवर्ड मागितला, तुम्ही सांगितला. जीमेल मागितलं, सांगितलं. जीमेलचा पासवर्ड मागितला, तोही तुम्ही शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितला. मग त्याने रिमोटवर खटखट ओके दाबलं, चार-पाच पानं सर्रकन पुढे गेली, आणि ‘झालं पाहा काका’ म्हणून तो पुढच्या घरी गेला. त्याला दिवाळीच्या आठवड्यात इतके टीव्ही टांगायचे असतात की त्याच्यावर मी रागावणार नाही. तुमच्यावर रागावणार आहे. घर तुमचं होतं.

वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांची एक गोष्ट सांगतात. पेरणीच्या तोंडावर सावकाराकडून पैसे उचलले, कोऱ्या कागदावर अंगठा दिला, आणि पुढे कळलं की त्या कागदावर वावर विकल्याचा मजकूर चढला आहे. ती गोष्ट सांगताना तुमचा गळा दाटतो. ‘बिचारे अडाणी होते, वाचता येत नव्हतं,’ म्हणता. खरं आहे. त्यांना वाचता येत नव्हतं आणि कागद कोरा होता. तुमच्या पुढ्यातला कागद कोरा नव्हता. त्यावर सगळं लिहिलं होतं, आणि तुम्ही बीई, एमएस्सी, बीएड. दोघं-चौघं तर वकील. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली ती शेतकऱ्याच्या पोराला वाचता यावं, कोणी फसवू नये म्हणून. त्या संस्थेत शिकून पदवी घेतलेला माणूस टीव्हीसमोर उभा राहतो आणि दुसऱ्याच्या हातून अंगठा उठवतो! आजोबांना तरी गरज होती. तुम्हाला घाई होती, मॅच सुरू होणार होती.

काय मान्य केलंत ते आता ऐका.

नव्या टीव्हींत एक सोय असते, कंपन्या तिला एसीआर म्हणतात, म्हणजे ऑटोमॅटिक कन्टेन्ट रेकग्निशन. पडद्यावर जे दिसतं त्याचे नमुने टीव्ही सारखा टिपत राहतो, काही टीव्ही आवाजाचेही टिपतात. त्या नमुन्यांचा आकड्यांमध्ये एक ठसा तयार होतो आणि तो इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. तिथे कार्यक्रमांचे, सिनेमांचे, जाहिरातींचे ठसे आधीच साठवलेले असतात. जुळवाजुळव होते आणि कळतं, या घरात या मिनिटाला अमुक वाहिनीवर तमुक चालू आहे. जाहिरात लागल्याबरोबर यांनी वाहिनी बदलली. रात्री पावणेदोनला इथे कोणीतरी जागं आहे.

पडद्यावर जे दिसतं ते, असं मी म्हटलं. ते केबलवाल्याच्या डब्यातून आलं की लॅपटॉपच्या वायरीतून, याच्याशी त्या यंत्रणेला देणंघेणं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या, माद्रिदच्या कार्लोस तिसरा विद्यापीठाच्या आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही घेतले आणि ब्रिटन व अमेरिकेत त्यांतून बाहेर काय जातं ते मोजलं. एचडीएमआय वायरीने दुसरं यंत्र जोडून टीव्हीला नुसता पडदा म्हणून वापरलं, तरी ठसे जात होते. तेव्हा ‘आमी तं स्मार्ट-बिर्ट काही वापरतच नाही मॅडम, फक्त सेट-टॉप बॉक्स लावतो’ हे जे तुम्ही मला ठसक्यात सांगता, ते जरा हळू सांगा. त्याच संशोधकांना हेही दिसलं की सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढून घेतली की ठसे जायचे थांबतात. म्हणजे उपाय तुमच्या रिमोटमध्येच होता. तुम्ही तिथे कधी गेला नाहीत.

पूर्वी मात्र बंद करूनही बंद होत नव्हतं, हे सांगायला हवं. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या एका गृहस्थाने स्वतःच्या एलजी टीव्हीतून बाहेर जाणारा माल तपासला. माहिती गोळा करण्याचा पर्याय त्याने बंद केला होता, तरी माहिती जात होती. आणि पेन ड्राइव्हमधल्या फायलींची नावंसुद्धा जात होती. बोभाटा झाल्यावर कंपनीला टीव्हीचं सॉफ्टवेअर दुरुस्त करावं लागलं. एका माणसाने घरी बसून तपासलं, म्हणून. तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये काय आहे? बारशाचे फोटो, वावराचा सातबारा, बाबांचा एमआरआय. फाइलींना नावंही तुम्ही पूर्ण देता, आडनावासकट.

अमेरिकेत व्हिजिओ नावाची टीव्हीची कंपनी आहे. तिने २०१४ पासून १ कोटी १० लाख टीव्हींतून, सेकंदासेकंदाची, न विचारता माहिती गोळा केली. नुसती गोळा केली असती तर एक वेळ. घराच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून त्या घरातल्या माणसांचं वय, स्त्री की पुरुष, उत्पन्न, लग्न, शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं, हे सगळं त्या माहितीला जोडण्याची सोय करून ती इतरांना विकली. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगाशी तडजोड होऊन कंपनीने २२ लाख डॉलर भरले. पुढे २०१९ मध्ये त्याच कंपनीच्या तंत्रज्ञान प्रमुखाने मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं की टीव्ही विकण्यात फारसा नफा राहत नाही, विकल्यानंतर त्यातून पैसा कमवावा लागतो. आणि २०२४ च्या डिसेंबरात ही कंपनी विकत कोणी घेतली? वॉलमार्टने. किराणा, कपडे, साबण विकणाऱ्या दुकानाने २.३ अब्ज डॉलर मोजून टीव्हीची कंपनी घेतली. साबण विकणाऱ्याला तुमच्या पडद्यात काय रस, याचं उत्तर दहावीचा पोरगाही देईल. त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर २०२५ मध्ये, टेक्सास राज्याच्या महाधिवक्त्याने सॅमसंग, सोनी, एलजी, हायसेन्स आणि टीसीएल या पाच कंपन्यांवर याच एसीआरवरून खटले भरले. ही नावं ओळखीची वाटतात का? वाटायलाच हवीत. अमरावतीच्या राजकमल चौकातल्या दुकानांत हीच नावं लटकलेली असतात.

बत्तीस इंची टीव्ही दहा-बारा हजारांत मिळतो म्हणून तुम्ही खूश. इतका स्वस्त कसा, हा प्रश्न बाजारसमितीत कापसाच्या भावावरून तासभर हुज्जत घालणाऱ्या माणसाला पडू नये?

आता तुमची उत्तरं. ती मला पाठ आहेत. शेंडगावच्या गाडगेबाबांनी कीर्तनात समोरच्या माणसाला उलटे प्रश्न विचारून घाम फोडला. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाच्या पदव्या भिंतीवर लावणाऱ्यांनी निदान दोन प्रश्न सोसावेत.

पहिलं उत्तर: ‘आमच्या घरी लपवासारखं काय हाये?’

१९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क नावाच्या न्यायाधीशांचं नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं होतं. तेव्हा तिथेही, आपल्यासारख्याच, व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणाऱ्या लायब्रऱ्या होत्या. एका वार्ताहराने त्यांच्या लायब्ररीतून त्यांच्या घरी गेलेल्या कॅसेटांची यादी मिळवली आणि वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने ती छापली. १४६ सिनेमे. त्यात वावगं काहीही नव्हतं, साधे चारचौघांसारखे सिनेमे. तरी तिथल्या खासदारांची झोप उडाली, आणि १९८८ मध्ये व्हिडिओ भाड्याने घेणाऱ्याची माहिती उघड करायला मनाई करणारा कायदा झाला. लपवण्यासारखं काही सापडलं म्हणून हा कायदा झालेला नाही. यादी निरुपद्रवी होती, पण ती दुसऱ्याच्या हातात होती, एवढ्यानेच ते घाबरले. कॅसेटची यादी महिनाभरात दहा-पंधरा नावांची होत असेल. तुमचा टीव्ही सेकंदाचा हिशेब ठेवतो.

आणि लपवण्यासारखं नाही असं तुम्ही कोणाच्या वतीने सांगता? माझा मुख्य राग इथे आहे, म्हणून इथे थांबते.

तुमच्या टीव्हीत एकच जीमेल आहे, तुमचं. तेच तुमच्या मोबाइलमध्ये. तेच मुलाच्या अभ्यासाच्या टॅबमध्ये, कारण वेगळं काढायचा कंटाळा. त्यामुळे घरातल्या कोणीही कुठेही जे शोधलं, ते संध्याकाळी हॉलमधल्या टीव्हीवर रांगेने उभं राहतं, ‘तुमच्यासाठी सुचवलेले’ म्हणून. दुपारी अकोल्याच्या त्या पंचेचाळीस डिग्रीत कूलर लावून सगळे झोपतात, तेव्हा तुमच्या सुनेला थोडा एकांत मिळतो. तिने मूल न होण्यावरच्या उपचारांचा एखादा व्हिडिओ पाहिला. मन उदास राहतं म्हणून एखाद्या डॉक्टरचं व्याख्यान ऐकलं. रात्री आठला सासू-सासरे, नणंद, गावाहून आलेला चुलत दीर, सगळे जेवायला बसले, टीव्ही लावला, आणि पहिल्या रांगेत त्याच विषयाचे सहा व्हिडिओ. कोणी काही बोलत नाही. पण सगळ्यांनी वाचलेलं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती पोरगी दुपारचा टीव्ही लावत नाही. तिला कोणी विचारलं होतं? ओके दाबताना ती स्वयंपाकघरात टीव्हीवाल्यासाठी चहा टाकत होती.

मुलगा कॉलेजात नापास झाला आणि पुढे काय करावं हे रात्री फोनवर शोधत बसला, तेही टीव्हीने तुम्हाला सांगितलं. त्याने सांगण्याआधी. मग तुम्ही त्याच्यावर ओरडलात की आमच्यापासून लपवतोस. तुमच्या घरात माणसाला आपल्या वेळेला आपली गोष्ट सांगायची सोयच राहिलेली नाही, आणि ती तुम्ही स्वतः काढून टाकली आहे. परदेशातल्या कंपनीला काय कळतं, याची चर्चा करायला लोकांना आवडतं. देवघरापलीकडच्या खोलीतल्या माणसाचं काय उघडं पडतं, याची कोणी करत नाही.

‘फोन तं आयकतेच, मग टीव्हीनं काय होते?’ हे दुसरं. फोन एकाचा असतो, त्याच्या खिशात असतो, त्याचं बरं-वाईट त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. टीव्ही सगळ्या घराचा असतो. तुमच्याकडे मुंजीला आलेल्या पाहुण्याचाही असतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. तो खटला लढवला होता ऐंशी ओलांडल्यावर कोर्टात गेलेल्या निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींनी. ऐंशी ओलांडलेला माणूस कोर्टात जातो, आणि तुम्हाला पन्नाशीत सेटिंगमध्ये जायचा आळस.

तो अधिकार घरातल्या प्रत्येकाचा वेगवेगळा आहे. कुटुंबप्रमुखाच्या नावावर एकत्र नोंदलेला नाही.

या देशात विचारून मोजायची पद्धतही आहे, बरं. कोणती वाहिनी किती पाहिली जाते हे बार्क ही संस्था मोजते. त्यासाठी निवडक घरांत मीटर बसवतात, त्या घरांची परवानगी घेतात, कोण टीव्हीसमोर आहे ते घरातला माणूस स्वतः बटण दाबून सांगतो, आणि ती घरं कोणती हे गुप्त ठेवलं जातं. एवढं करूनही ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीचं प्रकरण काढलंच. मीटरवाल्या घरांना दरमहा काहीशे रुपये देऊन ठरावीक वाहिनी चालू ठेवायला लावली, असा आरोप होता. पुढे सरकारनेच तो खटला मागे घेतला, म्हणून खऱ्याखोट्याचा निवाडा मी करत नाही. हिशेब तेवढा करते. त्या आरोपातल्या माणसांना आपल्या पाहण्याचे पैसे मिळत होते म्हणे. तुम्ही तीच वस्तू फुकट देता आणि वर टीव्हीचे हप्ते भरता.

सीआयएचं मात्र मला सांगू नका. दर वेळी कोणीतरी उठून सांगतो की अमेरिकेचे हेर टीव्हीतून ऐकतात. मार्च २०१७ मध्ये विकिलीक्सने कागद फोडले, त्यात सॅमसंगच्या काही टीव्हींना बंद असल्याचं सोंग करायला लावून खोलीतलं बोलणं ऐकायची युक्ती होती, हे खरं. ती टीव्हीत घालायला कोणाला तरी पेन ड्राइव्ह घेऊन खोलीत जावं लागे. बडनेऱ्याच्या तुमच्या फ्लॅटमध्ये पेन ड्राइव्ह घेऊन कोणी हेर येणार नाही. तुमच्यात रस आहे तो दुकानदाराला, कर्ज देणाऱ्याला, निवडणुकीत मत मागणाऱ्याला, आणि चोरट्याला. मोठ्या हेराच्या गप्पा मारल्या की घरातल्या साध्या कामातून सुटका होते, म्हणून तुम्हाला तो आवडतो.

चोरट्याचं ऐका. २०१९ मध्ये सुरतेची बातमी आली होती. एका माणसाला अश्लील संकेतस्थळावर स्वतःचा आणि बायकोचा, स्वतःच्याच बेडरूममधला व्हिडिओ दिसला. खोलीत छुपा कॅमेरा शोधला, सापडला नाही. शेवटी बोट गेलं ते बेडरूममधल्या स्मार्ट टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे. तो इंटरनेटला जोडलेला होता. सुरत लांब आहे म्हणाल. त्या सुरतेकडचाच राष्ट्रीय महामार्ग ५३ अकोला-अमरावतीवरून जातो. याच दोन गावांच्या दरम्यान २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून आपण गिनीज बुकात गेलो आणि फटाके फोडले. रस्ता एवढा चांगला झाला आहे की बातमीला पोचायला वेळ लागू नये.

आणि फेब्रुवारी २०२५ चं राजकोट. प्रसूती रुग्णालयातल्या तपासणीच्या खोलीतली बायकांची दृश्यं सीसीटीव्हीतून चोरून टेलिग्रामवर विकली गेली. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातले तरुणही होते. तपासात कळलं की घुसायला मोठं डोकं लागलं नाही. कॅमेऱ्यांचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच होते, ‘अ‍ॅडमिन १२३’ छापाचे. तुमच्या घरच्या राउटरचा पासवर्ड काय आहे? ओरडून सांगू नका. मनात म्हणा, आणि लाज वाटली तर बदला.

आता ते काळे डबे. बाजारात बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स मिळतात. एकदा पैसे द्या, सगळे सिनेमे, सगळ्या वाहिन्या, आयपीएल, जन्मभर फुकट. शिक्षकसुद्धा विकत घेतात, हे मला माहीत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉक्टर वेब या कंपनीने सांगितलं की अशा सुमारे १३ लाख बॉक्समध्ये व्हॉइड नावाचं घुसखोर सॉफ्टवेअर सापडलं, जवळपास दोनशे देशांत. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने असाच इशारा बॅडबॉक्स नावाच्या दुसऱ्या प्रकाराबद्दल दिला. काही बॉक्समध्ये तर हा किडा ग्राहकाने खोका उघडण्याआधीच असतो. तो करतो काय? तुमचं इंटरनेट तिसऱ्याच माणसाला वापरायला देतो. त्याने कुठे फसवणूक केली, तर माग निघतो तो तुमच्या घराच्या जोडणीचा. मग पोलीस येतात ते तुमच्या फाटकाशी. गल्ली बाहेर येऊन उभी राहते. तुम्ही म्हणणार, साहेब, आम्ही फक्त सिनेमे पाहत होतो. चोरीचे सिनेमे, हेही त्यांना तुम्हीच सांगणार.

लेकरांचं शेवटी ठेवलं होतं, कारण तिथे माझा आवाज चढतो. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकाची पडताळलेली संमती हवी, मुलाच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं त्यात आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. चांगला कायदा आहे, उणिवा असतील त्या असोत. पण तो तुमच्या पोराच्या काय कामाचा? तुमची दुसरीतली मुलगी टीव्हीवर कार्टून पाहते ती तुमच्या खात्यातून. कंपनीच्या दप्तरी तिथे बेचाळीस वर्षांचा एक पुरुष बसला आहे, ज्याला जीवन विम्यात आणि गुडघेदुखीत रस आहे आणि जो रोज चार ते सहा कार्टून पाहतो. मूल आहे हेच तुम्ही सांगितलेलं नाही, मग कायद्याने संरक्षण कोणाला द्यायचं? लहान मुलांचं वेगळं प्रोफाइल काढायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात तुम्ही तिला ‘टीव्ही बंद कर’ म्हणून तीनदा ओरडता.

‘सरकारनं पायलं पाह्यजे’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानेच नव्या सेट-टॉप बॉक्समध्ये पाहण्याची नोंद करणारी चिप बसवायचा प्रस्ताव मांडला होता. त्यावर ओरड झाली. ओरडणाऱ्यांत तुम्ही होतात का?

घरचा अभ्यास लिहून घ्या. आज रात्री जेवणानंतर, मालिका लागायच्या आत, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जायचं. सॅमसंग असेल तर ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ शोधायचं, एलजी असेल तर ‘लाइव्ह प्लस’, सोनी असेल तर ‘सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही’. दिसलं की बंद करायचं. अँड्रॉइड किंवा गूगल टीव्ही असेल तर जाहिरातींची ओळख म्हणजे अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी पुसायचा आणि वापराची माहिती पाठवणारा पर्याय काढायचा. टीव्हीसाठी नवं जीमेल काढायचं, ज्यात बँक नाही, फोटो नाहीत, मुलांच्या शाळेचं काही नाही. युट्यूबवरची जुनी यादी पुसायची, पण आधी घरातल्यांना सांगून. गुपचूप वाचत बसलात तर मला कळवू नका, मी तुमचं तोंड पाहणार नाही. कॅमेरा असलेला टीव्ही बेडरूममधून बाहेर काढायचा, नाही जमलं तर कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. रिमोटमध्ये माइक आहे, बोलून शोधायची मुलांना हौस असते. २०१५ मध्ये खुद्द सॅमसंगच्या अटींत लिहिलेलं होतं की टीव्हीसमोर बोललेलं खासगी बोलणंही तिसऱ्या कंपनीकडे जाऊ शकतं. लागत नसेल तर तेही बंद. बिननावाचा डबा फेकायचा, भाच्याला भेट द्यायचा नाही. आणि काही अघटित घडलंच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायचा, शरमेने आठ दिवस गप्प बसायचं नाही.

हे करताना घरातलं प्रत्येक माणूस समोर बसलेलं हवं. आजीसुद्धा. एकेक पर्याय मराठीत मोठ्याने सांगायचा, हो की नाही ते प्रत्येकाला विचारायचं. एक जरी ‘नाही’ म्हणालं तरी बंद. हात वर करून बहुमत घ्यायचं नाही.

किचकट वाटतं? पीकविम्याचा अर्ज शेवटच्या रात्री सर्व्हर बसलेला असताना भरता. पोरीचा नीटचा फॉर्म रात्री दोनला भरता, फोटोची साइज के.बी.मध्ये मोजून. लाडक्या बहिणीची केवायसी करायला अख्ख्या गल्लीला मदत करता. तिथे डोकं चालतं.

आणि ज्यांच्या घरी या दिवाळीला एक्स्चेंज ऑफरमध्ये मोठा टीव्ही येणार आहे, त्यांनी थांबा, बाकीचे गेले तरी चालेल. जुना टीव्ही देण्याआधी त्यातलं खातं काढून फॅक्टरी रीसेट करायचं. मागच्या वेळी कोणी केलं होतं? एकही हात नाही. म्हणजे तुमचा जुना टीव्ही आत्ता कुणाच्या तरी घरी, तुमच्याच नावाने चालू असेल, आणि त्या घरची माणसं ‘तुमच्यासाठी सुचवलेले’ वाचत असतील.